ट्रेस मॉइश्चर ट्रान्समीटर (वायूतलं अत्यल्प पाणी ओळखणारं उपकरण) दवबिंदू नेमका कसा मोजतो? दोन मीटरांचे आकडे जुळत नाहीत

नवा_लूप
कॉम्प्रेस्ड एअरच्या ट्विन टॉवर ड्रायरच्या (दोन टॉवरमधला ओल शोषणारा डेसिकंट आलटून पालटून हवा वाळवतो) आउटलेटला सिरॅमिक सेन्सरचा ट्रान्समीटर थेट लाइनमध्ये बसवलेला आहे. तो उणे ४१ अंश दाखवतो. त्याच टॅपिंगवरून नळी काढून पोर्टेबल मीटर लावला की आकडा उणे ५० येतो. दोन्ही मीटरांची कॅलिब्रेशन सर्टिफिकेटं ताजी आहेत.
तपशील: लाइनचा दाब ७ बार गेज. पोर्टेबलला ६ मिमीची नायलॉन नळी, लांबी ३ मीटर. टॅपिंगजवळच्या नीडल व्हॉल्व्हने मिनिटाला १ लिटर फ्लो ठेवलाय, मीटरमधून निघालेली हवा थेट बाहेर सोडली आहे. ड्रायरची अट उणे ४० प्रेशर ड्यू पॉइंट (लाइनच्या दाबालाच धरलेला दवबिंदू).
यातला खरा कोण? आणि हे ट्रान्समीटर मुळात दवबिंदू मोजतात तरी कसा? आत कुठे काही थंड होताना दिसत नाही.

दवमापक
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

दव पडताना प्रत्यक्ष पाहतो तो फक्त चिल्ड मिरर. त्यात आरसा थंड करत नेतात, त्यावर दव किंवा बर्फ जमलं की प्रकाशाचं परावर्तन बदलतं आणि त्या क्षणी आरशाचं तापमान म्हणजे दवबिंदू. तुमच्या लाइनवरचा ट्रान्समीटर असं काही करत नाही. तो पाण्याच्या वाफेचा आंशिक दाब ओळखतो आणि तो दाब कोणत्या तापमानाला संपृक्त होईल हे कॅलिब्रेशनच्या तक्त्यातून काढून दाखवतो. दवबिंदू हा काढलेला आकडा आहे, मोजलेला नाही.

ऍल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिरॅमिक सेन्सर हा एक कपॅसिटर असतो. खाली धातूचा इलेक्ट्रोड, मध्ये अतिसूक्ष्म छिद्रांचा ऑक्साइडचा थर, वर सोन्याचा इतका पातळ थर की त्यातून पाण्याचे रेणू आरपार जातात. हे रेणू छिद्रांच्या भिंतींना चिकटतात आणि सुटतात. बाहेरच्या वाफेच्या दाबाशी समतोल झाला की किती रेणू चिकटलेले राहायचे ते ठरतं. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८० च्या आसपास, ऑक्साइडचा साधारण १०. म्हणून थोडंसं पाणीही कपॅसिटन्समध्ये दिसतं.

अंदाज यावा म्हणून बर्फावरचा संपृक्त बाष्पदाब:
उणे २० ला १०३ पास्कल
उणे ४० ला १२.८
उणे ५० ला ३.९
उणे ६० ला १.०८
उणे ८० ला ०.०५५
उणे १०० ला ०.००१४

उणे ४० पासून उणे ८० पर्यंत आकडा फक्त ४० अंशांनी सरकतो, पण पाणी दोनशेहून जास्त पटींनी कमी होतं. दवबिंदूचं स्केल लॉगरिदमिक असल्यासारखं वागतं. 'दोनच अंशांचा फरक आहे' असं म्हणताना हे लक्षात ठेवायला हवं: उणे ६० ला २ अंशांची चूक म्हणजे पाण्याच्या प्रमाणात पाव हिश्श्याच्या आसपास चूक.

नळीजोड
आता पहिला प्रश्न. दोन्ही मीटर एकाच हवेचा दवबिंदू मोजताहेत, पण वेगवेगळ्या दाबाला. लाइनमधला ८ बार ऍब्सोल्यूटला (७ बार गेज अधिक वातावरणाचा १ बार), पोर्टेबल वातावरणाच्या दाबाला.

हवेचा दाब ८ बारवरून १ बारवर आला की वाफेचा आंशिक दाबही आठपट कमी होतो. उणे ४० म्हणजे १२.८ पास्कल. भागिले ८ केलं की १.६ पास्कल. बर्फावर १.६ पास्कल येतो तो उणे ५७ ला. म्हणजे ७ बार गेजला उणे ४० असलेली हवा वातावरणात सोडली की तिचा दवबिंदू उणे ५७ यायला हवा. तुमचा ट्रान्समीटर उणे ४१ म्हणतोय, तेव्हा पोर्टेबलवर उणे ५८ च्या जवळपास अपेक्षित आहे.

म्हणून 'पोर्टेबल जास्त कोरडं दाखवतोय' हे चूक. तो अपेक्षेपेक्षा ओलं दाखवतोय. उणे ५८ ऐवजी उणे ५०. पीपीएममध्ये (दहा लाख भागांत पाण्याचे किती भाग) बघा: लाइनमध्ये साधारण १४ ते १६ पीपीएम, पोर्टेबलपाशी ३९ पीपीएम. मधले २३-२५ पीपीएम कुठून आले ते शोधायचं आहे. माझा पहिला संशय नायलॉन नळीवर.

एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा. नीडल व्हॉल्व्ह सेन्सरच्या आधी असेल तर सेन्सर वातावरणाच्या दाबाला, नंतर असेल तर लाइनच्या दाबाला. सॅम्पल लाइनच्या चित्रात सर्वांत आधी बघायची जागा हीच.

नवा_लूप
दाबाचं पटलं. पण नळीतून हवा बाहेरच्या दिशेने वाहतेय. गळती असली तर आतली हवा बाहेर जाईल. बाहेरचं पाणी आत कसं येईल?

नळीजोड
प्रत्येक वायू आपापल्या आंशिक दाबाच्या उताराने जातो. एकूण दाबाचं त्याला देणंघेणं नाही. २५ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या खोलीत वाफेचा आंशिक दाब सुमारे १९०० पास्कल. नळीच्या आत दीड-दोन पास्कल. हजारपट उतार बाहेरून आत. आत ७ बार असला तरी वाफेच्या बाबतीत हा उतार तसाच राहतो. म्हणून साबणाच्या पाण्याला बुडबुडा न दाखवणारा सैल जोडसुद्धा आकडा बिघडवतो.

आणि नायलॉनला गळतीची गरजच नाही. पाण्याचा रेणू त्याच्या भिंतीत विरघळतो आणि पलीकडे निघतो. नायलॉन, पीव्हीसी, सिलिकोन, रबर यांपैकी काहीही कोरड्या वायूला चालत नाही. पीटीएफई त्यांच्यापेक्षा बरा, तोही उणे ४० च्या आसपासपर्यंत आणि लांबी आखूड असेल तरच. त्याखाली स्टेनलेस ३१६ एल. उणे ८० च्या खाली इलेक्ट्रोपॉलिश केलेली नळी आणि धातूच्या गॅस्केटचे जोड. थ्रेडवर टेप गुंडाळलेले जोड जितके टाळता येतील तितके टाळा, थ्रेडच्या फटीत अडकलेलं पाणी तासन् तास सुटत राहतं.

डेड लेगही (ज्यातून हवा वाहत नाही अशी बंद फांदी) तसाच. टी काढून लावलेला प्रेशर गेज म्हणजे आत ओली हवा धरून ठेवणारी पिशवी. गेज हवाच असेल तर सेन्सरच्या पुढे, बाहेर जाणाऱ्या बाजूला लावा.

दवमापक
याची पाच मिनिटांची परीक्षा आहे. फ्लो बदला.

नळीतून झिरपणारं पाणी दर मिनिटाला जवळपास ठरावीक असतं, फ्लो कितीही असो. फ्लो दुप्पट केला की तेच पाणी दुप्पट हवेत वाटलं जातं. म्हणजे वरचे २३ पीपीएम ११-१२ होतील. १६ अधिक ११.५ धरले तर २७ ते २८ पीपीएम, साधारण उणे ५३. मिनिटाला २ लिटर करा, आकडा स्थिरावू द्या. उणे ५३ च्या आसपास गेला तर दोष नळीचा किंवा जोडाचा. आकडा हललाच नाही तर सॅम्पल लाइन निर्दोष धरा आणि सेन्सरकडे वळा.

फक्त व्हॉल्व्ह उघडताना सेन्सरपाशी दाब चढत नाही ना ते बघा. बाहेर जाणारी नळी बारीक असेल तर फ्लो वाढवल्यावर मागे दाब साठतो, दवबिंदू वर सरकतो आणि परीक्षा उलटं सांगते.

सिग्नल_४२०
यात भर. त्याच वेळी ट्रान्समीटरचं आणि डीसीएसचं (कंट्रोल रूमच्या संगणक प्रणालीचं) स्केलिंग तपासून घ्या. ट्रान्समीटर उणे १०० ते अधिक २० वर सेट असेल तर १२० अंश ४ ते २० मिलिअँपिअरच्या सिग्नलात, म्हणजे १६ मिलिअँपिअरमध्ये बसतात, १ मिलिअँपिअरला ७.५ अंश. डीसीएसमध्ये कुणी उणे ८० ते अधिक २० भरलं असेल तर १२ मिलिअँपिअरला ट्रान्समीटरच्या डिस्प्लेवर उणे ४० आणि स्क्रीनवर उणे ३०. ही चूक दोन्ही टोकांना वेगळी वाटते. वर अधिक २० ला दोन्ही आकडे जुळतात, खाली जाल तसा फरक वाढत जातो. म्हणून ओल्या हवेवर तपासलं तर सापडतच नाही.

लूपमध्ये ४, १२ आणि २० मिलिअँपिअर देऊन तिन्ही वेळा स्क्रीनवरचा आकडा वाचा. नामूर एनई ४३ (सिग्नलवरून बिघाड ओळखण्याची शिफारस) प्रमाणे ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर सिग्नल म्हणजे सेन्सर बिघाड. डीसीएसमध्ये त्याला वेगळा अलार्म द्या. नाहीतर तुटलेली वायर 'अत्यंत कोरडी हवा' म्हणून दिसते आणि सगळे निश्चिंत राहतात. या मापनातली सर्वांत धोक्याची चूक हीच, कारण बिघाड चांगल्या बातमीचं रूप घेऊन येतो.

पीपीएम आउटपुट वापरत असाल तर ट्रान्समीटरमध्ये भरलेला दाब बघा. पीपीएम म्हणजे वाफेचा दाब भागिले एकूण दाब. सेन्सर ८ बार ऍब्सोल्यूटला आणि सेटिंग १ बार, तर आकडा आठपट मोठा.

कोरडीखोली
पोर्टेबलमध्ये सेन्सर कोणता आहे? पॉलिमर असेल तर वागणूक वेगळी असते.

पॉलिमर कपॅसिटिव्ह सेन्सर सापेक्ष आर्द्रतेला प्रतिसाद देतो. २५ अंशाच्या हवेत दवबिंदू उणे ४० असताना सापेक्ष आर्द्रता ०.४ टक्के. उणे ६० ला ०.०३४ टक्के. इतक्या खाली सेन्सरचा शून्य केसभर सरकला तरी दवबिंदू कित्येक अंशांनी चुकतो. म्हणून हे ट्रान्समीटर ठरावीक वेळाने स्वतःला गरम करतात. तापलेल्या सेन्सरपाशी सापेक्ष आर्द्रता जवळपास शून्य होते, थंड होताना वेगवेगळ्या तापमानांना कपॅसिटन्स मोजून तो खरा शून्य शोधतो आणि दुरुस्ती करतो. त्या काही मिनिटांत आउटपुट आधीच्या आकड्यावर गोठलेलं असतं. ट्रेंडमध्ये सपाट पट्टी दिसली की लोक ट्रान्समीटर अडकला समजतात, पण ते ऑटो कॅलिब्रेशन असतं.

माझं मत: कॉम्प्रेस्ड एअरला, उणे ६० पर्यंत, पॉलिमर टिकाऊ. चुकून पाणी आलं तरी वाळून परत कामाला लागतो. उणे ७० च्या खाली काम असेल तर सिरॅमिक किंवा ऑक्साइड, किंवा त्याहून वरचं काही.

दवमापक
वरचं म्हणजे काय तेही थोडक्यात.

फॉस्फरस पेंटॉक्साइडचा इलेक्ट्रोलिटिक सेल: दोन तारांमधला लेप पाणी शोषतो, विजेने त्याचं विघटन होतं आणि वाहिलेल्या करंटवरून फॅरेडेच्या नियमाने पाणी मोजलं जातं. मिनिटाला १०० मिलिलिटर फ्लो असेल तर १ पीपीएमला सुमारे १३ मायक्रोअँपिअर. इथे फ्लो १० टक्क्यांनी चुकला की आकडाही १० टक्क्यांनी चुकला.

क्वार्ट्झ क्रिस्टल: आर्द्रताशोषक लेप दिलेला स्फटिक, पाणी चिकटलं की वजन वाढतं, कंपनसंख्या घटते. एकदा नमुना वायू, एकदा वाळवलेला वायू असं आलटून पालटून देतात, त्यामुळे शून्य आपोआप तपासला जातो.

लेझर: पाण्याच्या शोषणरेषेवर, बहुधा १.४ मायक्रॉनच्या आसपास, प्रकाश किती गिळला जातो ते मोजतात. वायू सेन्सरला चिकटत नाही म्हणून क्लोरीन, हायड्रोजन क्लोराइड, अमोनिया असलेल्या ठिकाणी हाच मार्ग सुरक्षित. अमोनिया आणि आम्लवायू ऑक्साइडच्या थरालाच खातात, तिथे ऍल्युमिना सेन्सर लावूच नये.

नवा_लूप
पोर्टेबल सिरॅमिकच आहे. फ्लोची परीक्षा केली.
१ लिटर: उणे ५०
२ लिटर: उणे ५३ (२५ मिनिटांनी)
नायलॉन काढून ३ मिमी स्टेनलेस नळी, दीड मीटर, मिनिटाला २ लिटर: तासाभराने उणे ५५, चार तासांनी उणे ५७. अजून सावकाश उतरतोय.
मग इतका वेळ का लागतो? उलट दिशेने, म्हणजे ओली हवा दिली की, मिनिटभरात वर जातो.

नळीजोड
दोष नळीचाच होता, शंकाच नको.

वेळ लागतो तो सेन्सरला नाही, नळीला. धातूच्या भिंतीवर पाण्याचे रेणू चिकटलेले असतात. ओली हवा आली की भिंत पटकन भरते आणि आकडा चढतो. कोरडी हवा आली की एकेक रेणू सुटायला लागतो, आणि जितकं कोरडं तितका सुटण्याचा वेग मंद. उणे ४० ला मिनिटं, उणे ६० ला तास, उणे ८० च्या खाली गाठायला दिवसही लागू शकतो. घाई असेल तर नळीला हीटिंग टेपने ६०-७० अंशांपर्यंत गरम करा आणि फ्लो वाढवा. थंड झाल्यावरचाच आकडा लिहा. गरम असताना भिंत पाणी सोडते, थंड होताना परत घेते, त्यामुळे दोन्ही वेळचे आकडे खोटे.

याच कारणाने उन्हातली सॅम्पल लाइन दुपारी ओली आणि पहाटे कोरडी दाखवते. चोवीस तासांचा ट्रेंड तापमानाबरोबर लाटेसारखा हलत असेल तर नळी झाका किंवा स्थिर तापमानाला ठेवा. ड्रायरला दोष देण्याआधी हे करा.

बाहेर सोडण्याच्या टोकालाही एक-दीड मीटर बारीक स्टेनलेस नळीची गुंडाळी लावा. कमी फ्लोला खोलीतली वाफ त्या तोंडातून उलट दिशेने सेन्सरपर्यंत पोचते.

दवमापक
सेन्सर नवीन बसवतानाही तेच पथ्य. आधी नळी जोडा, सेन्सरच्या जागी रिकामा ब्लॉक ठेवून कोरड्या वायूने अर्धा-एक तास धुवा, मग डेसिकंटच्या कुपीतून सेन्सर काढून लगेच बसवा. कुपी उघडून सेन्सर टेबलावर ठेवला आणि फिटिंग शोधत बसलात तर सेन्सर खोलीइतका ओला होऊन बसतो. पहिल्या २४ तासांचा आकडा अहवालात धरू नका.

लाइनमध्ये थेट बसवलेल्या सेन्सरसाठी: पाइपच्या वरच्या किंवा बाजूच्या भागातून आत, तळातून कधीच नाही. ड्रायरच्या डस्ट फिल्टरनंतर, कारण ऍल्युमिनाची भुकटी सिंटर्ड गार्डमध्ये (सेन्सरवरच्या सच्छिद्र टोपीत) बसली की प्रतिसाद मंदावतो आणि ती भुकटी स्वतः पाणी धरून ठेवते. दाब एकदम सोडू नका, वेगाने पसरणाऱ्या वायूबरोबर कण येऊन सेन्सरवर आदळतात.

गॅसलाइन
नैसर्गिक वायूतही बहुतेक हेच, पण एक वेगळा शत्रू: डिहायड्रेशन टॉवरमधून उडून येणारा ग्लायकॉल (वायूतलं पाणी शोषायला वापरलेला द्रव). तो सेन्सरवर थर धरतो, पाणी शोषतो आणि सावकाश सोडतो. लक्षण असं की आकडा खरा बदल झाल्यावर उशिरा आणि अर्धवट हलतो. साधा पार्टिक्युलेट फिल्टर ग्लायकॉलची वाफ अडवत नाही. द्रवासाठी मेम्ब्रेन फिल्टर, त्याला बायपास फास्ट लूप (जादा वायू वेगाने वाहून नेणारा फाटा), आणि नमुना पाइपच्या मधून प्रोबने घ्या, भिंतीवरून वाहणारा द्रव टाळा. नमुन्याचं तापमान हायड्रोकार्बन दवबिंदूच्या वर राहील एवढं हीटिंग हवं.

अशा पाइपलाइनच्या मोठ्या दाबाखाली आदर्श वायूचं गणित चालत नाही. ५०-७० बारला पाण्याचं प्रमाण आणि दवबिंदू यांचं रूपांतर आयएसओ १८४५३ च्या समीकरणाने करा. दोन कंपन्यांचे ट्रान्समीटर वेगळं समीकरण वापरत असतील तर एकाच मोजमापाचे दोन आकडे निघतात आणि भांडण लागतं.

नवा_लूप
आता पोर्टेबल उणे ५८ ला स्थिर आहे, लाइनमधला उणे ४१. दोन्ही जुळले. शेवटचे दोन प्रश्न. टॉवर बदलताना आकडा दर वेळी उणे ३७ पर्यंत चढून परत येतो, ते बिघाड आहे का? आणि अलार्म कितीला ठेवावा?

कोरडीखोली
हीटेड ड्रायर असेल तर रीजनरेशननंतर (डेसिकंट तापवून वाळवल्यावर) पूर्ण थंड न झालेला टॉवर लाइनवर आला की सुरुवातीची हवा ओली निघते. काही मिनिटांत उतरत असेल तर तो बेडच्या थंड होण्याचा प्रश्न, कूलिंगचा वेळ वाढवून पाहा. हीटलेसमध्ये (जिथे डेसिकंट न तापवता कोरड्या पर्ज हवेनेच वाळवतात) असा उंचवटा फार लहान हवा. तो मोठा असेल तर पर्ज हवा कमी पडतेय किंवा पर्ज ऑरिफिस चोंदला आहे.
एकाच टॉवरच्या पाळीत आकडा खराब येत असेल तर त्या टॉवरचा डेसिकंट किंवा चेक व्हॉल्व्ह. दोन्ही पाळ्यांत सारखाच खराब असेल तर इनलेट तापमान, ओला प्रीफिल्टर किंवा ड्रेन अडकलेला.

सिग्नल_४२०
अलार्मचं: अट उणे ४० आणि ट्रान्समीटरची अचूकता ±२ असेल तर खरी हवा उणे ४० च्या आत आहे हे खात्रीने सांगायला आकडा उणे ४२ किंवा त्याखाली हवा. म्हणजे तुमचा उणे ४१ काठावर आहे. पहिला अलार्म उणे ४२ ला, दुसरा उणे ३८ ला, आणि दोन्हींना टॉवर बदलाच्या उंचवट्यापेक्षा थोडा जास्त टाइम डिले. आयएसओ ८५७३-१ मध्ये वर्ग २ उणे ४० ला, वर्ग १ उणे ७० ला, वर्ग ३ उणे २० ला, आणि हे सगळे प्रेशर ड्यू पॉइंट आहेत. कागदावर 'दवबिंदू उणे ५७' एवढंच लिहिलं आणि दाब लिहिला नाही तर वर्ग २ च्या काठावरची हवा कुणी त्याहून खूप कोरडी समजेल. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी दाब लिहा.

दवमापक
कॅलिब्रेशनबद्दलही सांगून ठेवतो. ऑक्साइडचा थर काळाबरोबर बदलतो, म्हणून वर्षातून एकदा, आणि उणे ७० च्या खाली काम असेल तर सहा महिन्यांनी, चिल्ड मिररशी ताडून पाहिलेल्या प्रयोगशाळेत पाठवा. सर्टिफिकेटवर तुमच्या कामाच्या पट्ट्यातले किमान तीन बिंदू मागा, उदाहरणार्थ उणे ३०, उणे ४५, उणे ६०. फक्त अधिक १० आणि उणे २० वर तपासलेल्या सर्टिफिकेटचा तुम्हाला उपयोग नाही.

मधल्या काळात नायट्रोजनच्या सिलिंडरवर तपासत असाल तर सिलिंडर भरलेला असतानाच तपासा. दाब उतरत जातो तशी भिंतीवरची ओल वायूत वाढत जाते आणि शेवटच्या काही बारमध्ये 'कोरडा नायट्रोजन' बराच ओला निघतो.

आणि शून्याच्या खाली आकडा 'ड्यू पॉइंट' (पाण्यावरचा) आहे की 'फ्रॉस्ट पॉइंट' (बर्फावरचा) ते सेटिंगमध्ये बघा. एकाच वायूसाठी फ्रॉस्ट पॉइंट उणे १० असेल तर पाण्यावरचा दवबिंदू उणे ११.२ येतो, आणि खाली जाल तसा फरक वाढतो. एका मीटरवर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असेल तर नळी कितीही बदलली तरी जुळणार नाही.

नवा_लूप
दोन्ही मीटर फ्रॉस्ट पॉइंटवर आहेत, पाहिलं. डीसीएसचं स्केलिंग उणे १०० ते अधिक २० च आहे, तिन्ही बिंदू जुळले. उंचवटा फक्त बी टॉवरच्या पाळीत येतोय.

कोरडीखोली
मग बी टॉवरचा कूलिंग व्हॉल्व्ह पूर्ण उघडतोय का बघा, आणि बेड लाइनवर येताना त्याच्या आउटलेटचं तापमान लिहून ठेवा. ते इनलेटपेक्षा १०-१५ अंशांनी जास्त असेल तर व्हॉल्व्हच. तापमान ठीक असूनही उंचवटा राहिला तर डेसिकंट काढून वजन आणि भुकटी तपासा.